ताईंना विचारा : ही वेबसाइट कशात बनवलीय?

मागच्या अंकात वेबसाइटच्या वर्षाच्या बिलाबद्दल लिहिलं आणि टपाल वाढलं. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच : बिल कशाचं लावलंय हे कळायला आधी वेबसाइट कशात बनवलीय ते कळलं पाहिजे, आणि बनवणारा तर सांगायला तयार नाही. म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नांना दिलंय. एक सूचना आधीच करते. आपल्या अंकात सगळं देवनागरीत छापतात. मी 'डब्ल्यूपी-कंटेंट' लिहिलं असेल तिथं शोधताना इंग्रजी अक्षरंच टाइप करायची. मागे एकांनी देवनागरीत शोधलं आणि 'ताई, काहीच सापडत नाही' म्हणून कळवलं.

प्रश्न : ताई, माझा कोकम सरबत, आगळ आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. ३ वर्षांपूर्वी एका एजन्सीकडून ८५ हजारांत वेबसाइट करून घेतली. कोटेशनमध्ये 'संपूर्ण कस्टम कोडिंग' असं लिहिलंय. मेन्टेनन्सचे वर्षाला १८ हजार वेगळे. आता साधा भाव बदलायचा तरी त्यांना फोन करावा लागतो आणि ते फोन उचलत नाहीत. भाचा म्हणतो दुसऱ्याला देऊया. एजन्सी म्हणते, 'आमचा कोड दुसऱ्या कुणाला कळणार नाही.' खरं-खोटं कसं ओळखू? साइटचा पत्ता सोबत देते आहे. — एक गृहउद्योजिका, चिपळूण

भाच्याला कॉम्प्युटरसमोर बसवा. तुमची साइट उघडायची आणि कंट्रोल दाबून यू दाबायचं. नवीन पान उघडेल, कोडनं भरलेलं. ते वाचायचं नाही, घाबरायचंही नाही. कंट्रोल आणि एफ दाबून त्यात 'डब्ल्यूपी-कंटेंट' शोधायचं. अँड्रॉइड फोनवरच बघायचं असेल तर क्रोममध्ये पत्त्याच्या आधी 'व्ह्यू-सोर्स' आणि विसर्गासारखे दोन टिंब टाकून पत्ता लिहा, तेच पान दिसेल.

मी तुमच्या साइटवर हेच केलं. 'डब्ल्यूपी-कंटेंट' ढिगानं सापडलं. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर, आणि हे त्याच्या फोल्डरचं नाव. त्याच्यापुढे काय लिहिलंय तिकडे खरं लक्ष द्यायचं. तुमच्याकडे एका ठिकाणी आहे 'थीम्स' आणि पुढे 'ॲस्ट्रा'. दुसरीकडे 'प्लगिन्स', म्हणजे वरून जोडायचे भाग, आणि पुढे 'एलिमेंटर'. तिसरीकडे 'प्लगिन्स' आणि 'वूकॉमर्स'. म्हणजे साइट वर्डप्रेसवर, रंगरूप ॲस्ट्रा या थीमचं, पानांची मांडणी एलिमेंटरनं केलेली आणि दुकान, टोपली, बिलिंग सगळं वूकॉमर्सचं. चारही गोष्टींची मूळ आवृत्ती फुकट मिळते. त्यातली ॲस्ट्रा तर आपल्या पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची, आणि जगभर लाखो साइटवर चालते.

आणखी एक फाइल उघडून पाहिली. थीमच्या फोल्डरात 'स्टाइल डॉट सीएसएस' असते, आणि तिच्या डोक्यावर थीमचं नाव, कर्ता, आवृत्ती लिहिण्याचा वर्डप्रेसचा शिरस्ता आहे. तुमच्याकडे 'ॲस्ट्रा-चाइल्ड' नावाचं फोल्डरही दिसलं. बनवणाऱ्यानं स्वतःचं काही लिहिलं असेल तर ते अशा चाइल्ड थीममध्ये ठेवतात. तुमच्या चाइल्ड थीमच्या स्टाइलमध्ये कर्त्याच्या जागी एजन्सीचं नाव आहे आणि खाली बटणाचा रंग कोकमी केल्याच्या दोन-चार ओळी. बाकी काही नाही. 'फंक्शन्स' नावाची दुसरी फाइल सर्व्हरवरच राहते, ती बाहेरून वाचता येत नाही. तिच्यात त्यांनी काही खास लिहिलं असेल, तेवढा संशयाचा फायदा मी त्यांना देते.

आता फसवलं का? वर्डप्रेस वापरलं यात काही गैर नाही. तुमच्या जागी मीही तेच निवडलं असतं. फोटो लावणं, पेमेंट गेटवे जोडणं, कुरिअरचे दर बसवणं ही खरी कामं आहेत आणि त्यांचे पैसे घ्यायचेच. पण दुकानातून तयार साडी आणून फॉल-पिको करून दिलं तर फॉल-पिकोचे पैसे घ्यावेत, मागावर विणली म्हणून सांगू नये. 'आमचा कोड कुणाला कळणार नाही' ही तर निव्वळ थाप. वर्डप्रेस २००३ पासून आहे, आणि जगातल्या सुमारे ४३ टक्के वेबसाइट त्यावर चालतात असं डब्ल्यू३टेक्स ही ऑस्ट्रियाची संस्था मोजून सांगते. ते कळणारा मुलगा चिपळुणात चहाच्या टपरीवरही भेटेल.

म्हणून भांडायला जाऊ नका, मागायला जा. पहिली मागणी डोमेनची, म्हणजे तुमच्या पत्त्याची. तो तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर नोंदलेला आहे का? 'हूइज' या डोमेनच्या नोंदवहीत शोधलंत तर मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असतं, पण कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, आहे आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मुदत संपण्याच्या तोंडावर भांडण काढायचं नाही, हे ध्यानात ठेवा. वेबसाइट पुन्हा उभी करता येते. पत्ता एकदा हातचा गेला की डब्यांवर छापलेली सगळी लेबलं वाया. त्यानंतर होस्टिंगचं, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलीय त्याचं, लॉगिन, पूर्ण बॅकअप आणि वर्डप्रेसचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं मागा. तुमच्याकडे आत्ता जे खातं आहे त्यानं आत जाऊन डाव्या बाजूच्या मेनूत 'प्लगिन्स' दिसतं का बघा. दिसत नसेल तर तुम्हाला बहुधा 'शॉप मॅनेजर' करून ठेवलंय, ॲडमिनिस्ट्रेटर नाही. शॉप मॅनेजरलाही भाव मात्र बदलता येतात. 'प्रॉडक्ट्स'मध्ये जा, आगळाच्या बाटलीवर 'एडिट' करा, 'रेग्युलर प्राइस'मध्ये नवा आकडा टाका, 'अपडेट' दाबा. यासाठी वर्षाला १८ हजार कुणी देऊ नयेत.

इतर वाचकांसाठी : 'डब्ल्यूपी-कंटेंट' सापडलं नाही तर 'सीडीएन डॉट शॉपिफाय' किंवा 'विक्सस्टॅटिक' शोधून बघा. सापडलं तर साइट शॉपिफाय किंवा विक्स या कंपनीच्या भाड्याच्या जागेत आहे असं समजा. मालाची यादी, गिऱ्हाइकांची यादी बाहेर काढता येते. साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही.

प्रश्न : मी एका पतसंस्थेचा सचिव आहे. एका कंपनीनं न मागता आम्हाला 'सिक्युरिटी ऑडिट रिपोर्ट' पाठवला. त्यात आमच्या वेबसाइटचा सर्व्हर अपाची असून पीएचपी ७.४.३३ आहे, 'धोका अतिगंभीर', असं लाल अक्षरांत लिहिलंय आणि नवीन वेबसाइटचं १ लाख ४० हजारांचं कोटेशन जोडलंय. संचालक मंडळात खळबळ आहे. आम्ही पासवर्ड दिलेला नसताना त्यांना हे कळलं कसं? हे हॅकिंग आहे का? पोलिसांत तक्रार द्यावी का? — इस्लामपूर

तक्रार नको. अपाची म्हणजे पानं पाठवणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर, आणि पीएचपी म्हणजे ती पानं तयार करणारी भाषा. तुमच्या सर्व्हरनंच त्यांना सांगितलंय, आणि तो विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

स्वतः बघा. साइट उघडून एफ १२ दाबा, वर 'नेटवर्क' हा टॅब आहे तो निवडा, मग पान रिफ्रेश करा. खाली यादी येईल. सगळ्यांत वरच्या ओळीवर क्लिक केलं की उजवीकडे 'हेडर्स' दिसतात. त्यात 'रिस्पॉन्स हेडर्स'खाली 'सर्व्हर' आणि 'एक्स-पॉवर्ड-बाय' अशा ओळी सापडतील. पान पाठवताना सर्व्हर पानाच्या आधी ही माहिती पाठवतो. ब्राउझर ती पडद्यावर दाखवत नाही, एवढंच. त्या कंपनीनं बहुधा एखाद्या यंत्राकरवी जिल्ह्यातल्या सगळ्या पतसंस्थांच्या साइट एका दमात तपासल्या असतील आणि सगळ्यांना तोच अहवाल नाव बदलून धाडला असेल. शेजारच्या पतसंस्थेत विचारून बघा.

कायद्याचं म्हणाल तर सर्व्हर आपण होऊन जे पाठवतो ते वाचणं आणि परवानगीशिवाय आत शिरणं यात फरक आहे. पासवर्ड अंदाजानं टाकून बघणं, बंद फोल्डर फोडणं, माहिती उचलणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या अहवालाची जी पानं तुम्ही पाठवलीत त्यात असं काही दिसत नाही.

पण सचिवसाहेब, लाल अक्षरांतली ओळ खोटी नाही. पीएचपी ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला. ७.४.३३ ही त्या मालिकेतली शेवटची आवृत्ती. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं तिचे मूळ कर्ते बुजवत नाहीत. मग १ लाख ४० हजार द्यायचे का? नाही. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती बदलायची सोय असते. आधी बॅकअप, मग साइटची एक प्रत वेगळ्या जागी उभी करून त्यावर ८ च्या मालिकेतली चालू आवृत्ती लावून बघायची. काय मोडतं ते दुरुस्त करायचं आणि मग खऱ्या साइटवर बदल करायचा. जुनी थीम किंवा जुनं प्लगिन असेल तर थोडं मोडतंच. जाणत्या माणसाचं दोन-चार दिवसांचं काम आहे.

कुणी तुम्हाला 'ती ओळच लपवून टाकतो' म्हणाला तर? 'एक्सपोज पीएचपी' नावाची सेटिंग 'ऑफ' केली की आकडा दिसेनासा होतो. करून घ्या, पण पैसे देऊ नका, आणि रोग बरा झाला असंही समजू नका. उलट बाजूही सांगते. अपाचीचा आकडा जुना दिसला तर लगेच घाबरायचं नाही. रेड हॅट, डेबियनसारख्या लिनक्समध्ये आकडा जुनाच ठेवून आतली भोकं बुजवण्याची पद्धत आहे. नुसत्या आकड्यावरून 'अतिगंभीर' लिहिणाऱ्याला मी ऑडिटर म्हणत नाही.

संचालकांना विचारायचा खरा प्रश्न वेगळाच. त्या वेबसाइटवर फक्त व्याजदर आणि शाखांचे पत्ते आहेत, की सभासदांचं लॉगिनही तिथंच आहे? लॉगिन असेल तर पुढच्या मीटिंगची वाट बघू नका.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची वेबसाइट 'भारतातल्याच सर्व्हरवर' आहे असं ठेकेदार सांगतो. ते बाहेरून तपासता येईल का? — ग्रंथपाल, लातूर

कधी येतं, कधी नाही. वर सांगितलेल्या हेडर्समध्ये 'सर्व्हर'पुढे क्लाउडफ्लेअर असं असेल तर तुम्हाला खरा सर्व्हर दिसतच नाही, मधला मध्यस्थ दिसतो. तिथंच 'सीएफ-रे' नावाची ओळ असते आणि तिच्या शेवटी तीन अक्षरं. लातुरातून बघताना तिथं बहुधा 'बीओएम' दिसेल. मुंबई विमानतळाचा संकेत तो, नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी बॉम्बेवरूनच चालू आहे. याचा अर्थ एवढाच की मध्यस्थानं पान तुम्हाला मुंबईतून दिलं. तुमच्या फाइली मुंबईत आहेत की सिंगापुरात, ते त्यावरून कळत नाही. ठेकेदाराकडून होस्टिंगचं बिल आणि पॅनेलवरचा 'रीजन' यांचा स्क्रीनशॉट मागा.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या वेबसाइट कोणत्या तंत्रज्ञानावर आहेत असा प्रोजेक्ट घेतलाय. तंत्रज्ञान ओळखणाऱ्या साधनांपैकी वॅपलायझर एक सांगतं, बिल्टविथ दुसरं सांगतं आणि सर म्हणतात 'कोणतं तरी एक धर'. ताई, कोणतं धरू? — नांदेड

एकही धरू नकोस. सरांना माझा नमस्कार सांग, पण असं करू नकोस.

ही साधनं काम कशी करतात ते आधी बघ. त्यांच्याकडे खुणांची मोठी यादी असते : या नावाची कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) दिसली तर हे, अमुक फाइल मागवली तर ते, जावास्क्रिप्टमध्ये तमुक नावाची वस्तू सापडली तर आणखी काही. वॅपलायझर तुझ्या ब्राउझरमध्ये उघडलेलं पान तिथल्या तिथं या यादीशी ताडून बघतं. बिल्टविथ ही सिडनीची कंपनी. ती स्वतः साइटवर फिरून नोंदी साठवते आणि पूर्वी काय होतं तेही दाखवते. म्हणून एखाद्या कॉलेजनं गेल्या वर्षी काढून टाकलेली गोष्ट तिथं दिसू शकते, आणि तू लॉगिननंतरच्या पानावर असशील तर वॅपलायझरला बिल्टविथपेक्षा जास्त दिसू शकतं. दोघांचं पटलं नाही म्हणजे एकजण चुकलाच असं नाही.

दुसरी अडचण : खुणा शिळ्या होतात. रिॲक्ट, नेक्स्ट जेएस, अँग्युलर ही पानं बनवायची जावास्क्रिप्टची साधनं. त्यातलं रिॲक्ट ओळखायला पूर्वी 'डेटा-रिॲक्टरूट' शोधायचे. १८ व्या आवृत्तीपासून ते दिसत नाही. नेक्स्ट जेएस म्हटलं की 'नेक्स्ट डेटा' नावाची स्क्रिप्ट शोधायची, पण त्यांच्या नव्या ॲप राउटरच्या पानात ती नसते. तिथं 'अंडरस्कोर नेक्स्ट' या फोल्डरवरून ओळखावं लागतं. अँग्युलर बिचारं प्रामाणिक, 'एनजी-व्हर्जन' म्हणून आवृत्तीचा आकडा पानावरच लिहून ठेवतं. याद्या ताज्या ठेवणं हेच या धंद्यातलं कष्टाचं काम आहे. वॅपलायझरची यादी वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी खुली होती, लोक फुकट भर घालायचे. २०२३ मध्ये कंपनीनं ती खुली ठेवणं बंद केलं. जुनी प्रत घेऊन काहीजण पुढे चालवतात, त्यात वेबसाइटच्या नोंदी ठेवणारा एचटीटीपी आर्काइव्ह हा प्रकल्प आहे. प्रोजेक्टला ती आवृत्ती वापर, म्हणजे कोणत्या नियमावरून काय ठरलं ते उघडून बघता येईल.

तुझं काम कॉलेजांच्या साइटचं, म्हणून त्यात हमखास भेटणाऱ्या खुणा सांगते. निकालाच्या किंवा फी भरायच्या पानावर व्ह्यू-सोर्स कर आणि 'व्ह्यूस्टेट' शोध. फॉर्ममध्ये लपवलेली, फॉर्मबरोबर सर्व्हरकडे जाऊन परत येणारी निरर्थक अक्षरांची लांबलचक माळ सापडली तर ते मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स. कुकीचं नाव 'पीएचपीसेसआयडी' असेल तर पीएचपी, 'जेसेशनआयडी' असेल तर जावा, 'लाराव्हेल सेशन' असेल तर नावातच उत्तर. फॉर्ममध्ये 'सीएसआरएफ मिडलवेअर टोकन' दिसलं तर जँगो, पायथन भाषेतला तयार सांगाडा. माझी सगळ्यांत आवडती खूण ड्रुपलची, म्हणजे वर्डप्रेससारख्याच एका तयार सॉफ्टवेअरची, आहे. ड्रुपलची पानं 'एक्स्पायर्स' या हेडरमध्ये १९ नोव्हेंबर १९७८, सकाळी ५ ही वेळ पाठवतात. पान कधीच शिळं होऊन गेलंय, नवं माग, असं ब्राउझरला सांगायला कोणतीही जुनी तारीख चालली असती. ड्रुपलच्या जनकानं, द्रिस बायटार्टनं, स्वतःची जन्मतारीख घातली. तुला अशी साइट सापडली आणि ती ड्रुपल ७ असेल तर प्रोजेक्टमध्ये ठळक नोंद कर, कारण ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. वर्डप्रेस डॉट कॉमवरच्या एखाद्या साइटचे हेडर्सही वाचून बघ. तिथं 'एक्स-हॅकर' नावाच्या ओळीत, हे वाचत असाल तर आमच्याकडे नोकरीला अर्ज करा, असं आवतण असतं. तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनी असले हेडर्स वाचावेतच.

तक्त्यात 'तंत्रज्ञान' या रकान्याशेजारी 'कशावरून' असा रकाना घाल, आणि प्रत्येक नोंदीला पक्कं, बहुधा किंवा कळत नाही यांपैकी एक शेरा दे. 'कळत नाही' लिहायला लाजू नकोस. पान कोणत्या फ्रेमवर्कनं रंगवलंय ते दिसतं, पण त्यामागे डेटाबेस ओरॅकल आहे की मायएसक्यूएल, हे बाहेरून सहसा कळत नाही. एका पानावर जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी सापडली म्हणून साइट जेक्वेरीत बनवली असंही लिहू नकोस. ती एखाद्या स्लायडरबरोबर आपसूक आलेली असते. आणि स्क्रिप्ट लावून साइट तपासणार असशील तर दोन विनंत्यांमध्ये भरपूर अंतर ठेव. कॉलेजांचे सर्व्हर आधीच निकालाच्या दिवशी झोपतात.

प्रश्न : सौ. ताईंना सप्रेम नमस्कार. मी निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने २००२ साली शाळेची वेबसाइट करून दिली होती. ती आता इंटरनेटवर नाही, परंतु सीडी माझ्याजवळ आहे. नातवाच्या लॅपटॉपवर उघडली असता चित्रे दिसतात, मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. शाळेच्या इतिहासाची ३० पाने त्यात आहेत. सीडी खराब झाली असावी काय? एका पानाचा कोड नातवाकडून पाठवीत आहे. — वाई

सर, नमस्कार. सीडी ठणठणीत आहे, मजकूरही शाबूत आहे. नातवानं पाठवलेल्या पानातच उत्तर आहे.

वरच 'जनरेटर' म्हणून एक ओळ आहे आणि तिथं 'मायक्रोसॉफ्ट फ्रंटपेज ४.०' असं लिहिलंय. फ्रंटपेज २००० हा प्रोग्राम बनवलेल्या प्रत्येक पानावर अशी सही करायचा. खाली प्रत्येक परिच्छेदाला 'फॉन्ट फेस' दिलाय आणि नाव आहे 'डीव्ही-टीटीयोगेश'. हा पुण्याच्या सी-डॅकचा फॉन्ट. त्या काळी देवनागरी फॉन्टची युक्ती अशी असायची की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे : कुठं अर्धा त, कुठं नुसता काना, कुठं वेलांटी. कॉम्प्युटर आत इंग्रजी चिन्हंच साठवायचा, फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. नातवाच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुळात साठवलेलं उघडं पडलंय. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एका सामाईक व्यवस्थेत, देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ पासून होत्या, पण विंडोजमध्ये ती नीट दिसायला विंडोज २००० उजाडावं लागलं, आणि २००२ मध्ये शाळांत बहुतेक ९८ च असायचं. तुमच्या विद्यार्थ्यानं त्या वेळी योग्य तेच केलं.

सीडीवर शेवटी 'ईओटी' असलेली एखादी फाइल आहे का, ते नातवाला बघायला सांगा. वाचणाऱ्याकडे फॉन्ट नसला तरी पानाबरोबर तो पाठवायचा म्हणून मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत काढली होती. ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायची, नेटस्केपसाठी 'पीएफआर' ही वेगळी फाइल द्यावी लागे. क्रोमला ईओटी कळत नाही, त्यामुळे फाइल सापडली तरी लॅपटॉपवर गोंधळ तोच राहील. एके काळी फायरफॉक्समध्ये 'पद्म' नावाचं एक्स्टेन्शन बसवलं की अशी जुनी पानं आपोआप युनिकोडमध्ये वाचता यायची. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या घडणीच्या एक्स्टेन्शनांचा रस्ताच बंद झाला.

आता करायचं काय? योगेश फॉन्टवरून युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पानातला मजकूर त्यात टाकला की मराठी बाहेर येईल, पण शंभर टक्के शुद्ध नाही. चुका कुठं होतात ते सांगते, तपासायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवायचे, जशी ती डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे 'स्थिती', 'विद्यार्थी', 'कार्यकर्ते', 'निर्मिती' असे शब्द कन्व्हर्टर हमखास बिघडवतो. जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की तिथं थांबून वाचा. सगळी ३० पानं एकदम करू नका. एक पान करून, तपासून, चुका कोणत्या प्रकारच्या आहेत ते लिहून काढा. पुढच्या पानांत त्याच चुका येतात आणि नातवाला त्या एकगठ्ठा बदलून घेता येतील. मूळ सीडीची प्रत पेनड्राइव्हवर आजच घ्या. आणि वेबसाइटचा जुना पत्ता आठवत असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा. १९९६ पासूनची पानं तिथं साठवलेली आहेत, सीडीनंतर घातलेली एखादी बातमी तिथं मिळूनही जाईल.

प्रश्न : सगळ्या जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइट एकसारख्या का दिसतात? एकाच कंपनीला ठेका दिलाय का? — यवतमाळ

ठेका नाही. व्ह्यू-सोर्समध्ये 'एस३वास' हे नाव दिसेल. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसीची ही व्यवस्था आहे. एकच साचा, त्यात प्रत्येक जिल्ह्यानं आपापला मजकूर भरायचा. नावातल्या 'एस३'चे तीन 'एस', त्यातला शेवटचा सुगम्यचा, म्हणजे दृष्टिहीनांनाही स्क्रीन रीडरवर वाचता यावं अशी रचना. कंटाळवाणी दिसते, कबूल. पण गडचिरोलीच्या साइटवर टेंडरं जिथं सापडतात तिथंच साताऱ्याच्याही सापडतात, आणि मला तेवढं पुरतं.

प्रश्न : इथल्या मराठी मंडळाची वेबसाइट जुन्या कार्यकारिणीनं केली, कशात ते कुणाला आठवत नाही. लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या खुणा आणि आकडे दिसतात आणि शीर्षक मध्येच तुटतं. शिवाय आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की 'ल' आणि 'श' हिंदीसारखे दिसतात. — मंडळाची नवी चिटणीस, न्यू जर्सी

तुटलेल्या शीर्षकावरूनच मला शंका आली, मग पान उघडून खात्री केली : वर्डप्रेस.

लिंकमध्ये देवनागरी सरळ जात नाही. एकेका चिन्हाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा टक्क्याची खूण आणि पुढे दोन आकडे किंवा अक्षरं असा लिहिला जातो. एकटा 'म' लिहायला नऊ जागा खर्च होतात. काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. वर्डप्रेस लेखाच्या लिंकला २०० जागा देतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. तुम्ही पाठवलेलं शीर्षक आहे 'महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंक प्रकाशन सोहळा'. मोजून बघा : 'महाराष्ट्र'ची दहा चिन्हं, 'मंडळाचा'ची सात, मध्ये दोन आडव्या रेघा, आणि उरलेल्या जागेत 'दिवाळ' एवढंच मावलं. दोनशेव्या जागेवर कात्री, शेवटची वेलांटी बाहेर. मंडळाचं 'दिवाळ' निघालेली लिंक साडेतीनशे घरांत गेली म्हणता, त्याला इलाज नाही.

पुढच्या वेळी लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या 'स्लग' या चौकटीत रोमन अक्षरांत छोटं नाव द्या, 'दिवाळी-अंक' आणि साल, बस. जुन्या लेखांच्या लिंक मात्र बदलत बसू नका, लोकांनी त्या जपून ठेवलेल्या असतात.

'ल' आणि 'श'बद्दल तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं बरोबर आहे. पानाच्या अगदी वरच्या ओळीत 'लँग' या शब्दापुढे तुमच्याकडे 'एचआय' आहे, म्हणजे हिंदी. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा बघून फॉन्ट त्यातलं एक निवडतो. सेटिंग्जमध्ये 'जनरल'मध्ये जाऊन साइटची भाषा मराठी करा, तिथं 'एमआर' येईल. तरीही बदललं नाही तर फॉन्टमध्ये मराठी वळण नाही असं समजा. मग गुगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरी मराठी म्हणून एक आहे तो लावा. त्याचा हिंदीसाठीचा भाऊ वेगळा आहे, निवडताना नाव नीट वाचा.